चीनचे व्यापारधोरण व जालना जिल्हा

चीनची आर्थिक वाढ आणि तिथल्या सरकारचे व्यापार व इंटरनेटविषयक निर्णय यांचा मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या उद्योगांवर व शेतीवर झालेला परिणाम. जालन्यात चिनी कारखाने नाहीत. चीनचा प्रभाव येथे मुख्यतः भावातून जाणवतो. जिल्ह्याच्या तीन मालांशी चीनचे नाते तीन प्रकारचे आहे : पोलादात तो भाव ठरवणारा, रेशमात प्रतिस्पर्धी आणि यंत्रपुरवठादार, तर कापसात लहरी गिऱ्हाईक.

पार्श्वभूमी : डिसेंबर १९७८ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने आर्थिक सुधारणांची दिशा स्वीकारली. १९८० मध्ये शेन्झेनसह चार ठिकाणी विशेष आर्थिक क्षेत्रे सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षी, १ मे १९८१ रोजी, जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आणि परभणीतील परतूर मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. निजामाच्या काळात गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत गेलेल्या रेल्वेमुळे जालना ही त्याआधीच मोठी बाजारपेठ बनली होती. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्या व्यापारी वैभवाची खूण आहे.

११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था ठरला. स्वस्त कर्ज, निर्यातीवर करपरतावा, सरकारी साठे आणि आयातकोटा ही त्याच्या व्यापारधोरणाची मुख्य हत्यारे. भारताची चीनशी असलेली व्यापारतूट २०२४-२५ मध्ये सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. जालन्याला मात्र या तुटीपेक्षा त्या हत्यारांचा संबंध अधिक जवळचा आहे.

पोलाद : जालन्याच्या जमिनीखाली काळा बसाल्ट आहे, लोहखनिज नाही, कोळसाही नाही. तरीही औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्यामुळे हे शहर बांधकामाच्या सळईसाठी देशभर ओळखले जाते. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे, ते लाटून सळई काढायची आणि तापलेली सळई पाण्याच्या फवाऱ्याखालून नेऊन तिची कड कठीण, गाभा लवचिक करायचा, अशी ही प्रक्रिया आहे. यातील मोठे खर्च दोनच, भंगार आणि वीज. देशातील पोलादाच्या रोजच्या भावपत्रकांत रायपूर, मंडी गोविंदगढ आणि दुर्गापूर यांच्या जोडीने जालन्याचा भाव वेगळा दिला जातो.

चीनचे पोलाद उत्पादन १९९६ मध्ये १० कोटी टनांपलीकडे गेले, तर २०२० मध्ये ते १०० कोटी टनांहून अधिक होते. जगातील निम्म्याहून जास्त पोलाद एकाच देशात तयार होत असल्याने खनिज, भंगार आणि सळई या तिन्हींचे भाव चीनच्या मागणीवर हलतात. शांघायच्या वायदेबाजारात २७ मार्च २००९ पासून खास बांधकामाच्या सळईचे वायदे चालतात. जालन्यात जो माल बनतो, त्याच मालाचा हा सट्टा आहे.

चिनी सळई जालन्याच्या बाजारात सहसा येत नाही. आयएस १७८६ या मानकाचे सक्तीचे प्रमाणपत्र आणि बंदरापासूनचे सुमारे ४०० किमी अंतर हे दोन अडथळे तिच्या वाटेत आहेत. परिणाम आडवाटेने होतो. देशात मागणी घटली की चीन जादा माल बाहेर ढकलतो. २०१५ मध्ये त्याची पोलाद निर्यात सुमारे ११ कोटी २० लाख टनांवर गेली होती. अशा वेळी तुर्कस्तानसारखा भंगाराचा सर्वांत मोठा आयातदार भंगार वितळवण्याऐवजी तयार चिनी बिलेट घेतो आणि जगभर भंगाराचा भाव पडतो. जालन्याचा कच्चा माल स्वस्त होतो, पण पाठोपाठ सळईचा भावही उतरतो. महागात घेतलेले भंगार आवारात पडून असेल, तर त्या उतरणीचा फटका थेट भट्टीमालकाला बसतो.

भारत सरकारने चिनी मालाविरुद्ध उभारलेले बांध बहुतेक चपट्या पोलादासाठी आहेत. सप्टेंबर २०१५ मधील सुरक्षा शुल्क तापवून लाटलेल्या पत्र्याच्या गुंडाळ्यांवर होते. एप्रिल २०२५ मधील १२ टक्के तात्पुरते सुरक्षा शुल्कही चपट्या मालावरच लागले. मोटारी आणि उपकरणांना लागणारे पत्रे मोठे एकात्मिक कारखाने बनवतात. सळई बनवणाऱ्या जालन्याच्या वाट्याला हे संरक्षण थेट येत नाही. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पाने पोलादी भंगारावरील आयातशुल्क माफ केले, ही सवलत मात्र येथील भट्ट्यांच्या नेमकी कामाची होती.

सर्वांत लक्षणीय विरोधाभास तंत्राचा आहे. चीनने ३० जून २०१७ पर्यंत इंडक्शन भट्टीतील बांधकामाचे पोलाद पूर्ण बंद करण्याचा आदेश काढला आणि १० कोटी टनांहून अधिक क्षमता मोडीत काढली. कारणे तीन होती : जादा क्षमता, प्रदूषण आणि बेभरवशाचा दर्जा. इंडक्शन भट्टीत धातू वितळतो, पण त्यातील गंधक आणि फॉस्फरस फारसे निघत नाहीत. भंगार जसे, तसे पोलाद. भारताने त्याच भट्टीला मानक आणि तपासणीच्या चौकटीत चालू ठेवले. चीनमध्ये बेकायदा ठरलेले तंत्र जालन्यात अर्थकारणाचा कणा आहे. त्यामुळे येथील सळईची पत भंगाराच्या निवडीवर आणि प्रयोगशाळेतील चाचणीवर उभी आहे.

भंगाराच्या धोरणातही चीनने वळणे घेतली. १ जुलै २०१९ पासून पोलादी भंगाराची आयात तेथे निर्बंधित यादीत गेली. १ जानेवारी २०२१ पासून ठरावीक दर्जाच्या भंगाराला पुन्हा वाट मिळाली. १ मे २०२१ रोजी चीनने १४६ पोलादी वस्तूंवरील निर्यात करपरतावा काढून घेतला. पुढे घरबांधणी क्षेत्र कोलमडल्याने निर्यात पुन्हा फुगली आणि २०२४ मध्ये ती ११ कोटी टनांवर पोहोचली.

रेशीम : रेशीम उत्पादनात चीन जगात पहिला व भारत दुसरा आहे, वापरात मात्र भारत पुढे असल्याने तुटवडा बराच काळ चिनी धाग्याने भरला गेला. एकसारखा, लांब आणि मजबूत असा हा द्विचक्री (बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) जातीचा धागा मागावर ताण्यासाठी पसंत केला जातो. त्यामुळे पैठण-येवल्याच्या पैठणीपासून कांजीवरमपर्यंत सगळ्या रेशमी विणकामाच्या खर्चावर आयातशुल्काचा परिणाम होतो.

शुल्काचा इतिहास दोलायमान आहे. २००३ मध्ये चिनी कच्च्या तुती-रेशमाच्या खालच्या दर्जांवर अँटि-डम्पिंग शुल्क बसले. २०११-१२ च्या अर्थसंकल्पाने कच्च्या रेशमावरील मूळ आयातशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले. २०१३-१४ मध्ये ते १५ टक्के झाले, नंतर १० टक्क्यांवर उतरले आणि २०२१-२२ मध्ये पुन्हा १५ टक्के झाले. शुल्क उतरले की विणकराला दिलासा मिळतो, चढले की कोष पिकवणाऱ्याला.

जालना जिल्ह्यात तुतीची लागवड रोजगार हमीच्या साह्याने वाढली. कोरडी हवा द्विचक्री अळ्यांना मानवते. अंडीपुंज आणून चॉकी केंद्रात बाल्यावस्थेतील अळ्या वाढवणे, मग शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्यांना तुतीचा पाला घालणे आणि शेवटी चंद्रिकेवर (कोष विणण्याच्या चौकटीवर) कोष धरणे, असा हा सुमारे महिन्याभराचा क्रम आहे. पूर्वी कोष विकायला कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत रेशीम कोषाची बाजारपेठ सुरू झाली आणि हा फेरा वाचला.

या क्षेत्रात चीन केवळ प्रतिस्पर्धी नाही. कोषातून एकसारखा धागा काढणारी स्वयंचलित रीलिंग यंत्रे भारतात प्रामुख्याने चीनमधूनच आली. चिनी धाग्याशी टक्कर देण्यासाठी चिनी यंत्रच बसवावे लागते, अशी ही स्थिती आहे.

कापूस : कापसात चीन गिऱ्हाईक म्हणून येतो. सप्टेंबर २०११ पासून चीन सरकारने आपल्या शेतकऱ्यांचा कापूस हमीभावाने राखीव साठ्यात भरला. तिथला देशी भाव जागतिक भावापेक्षा बराच वर राहिला, म्हणून चिनी सूतगिरण्यांनी बाहेरून कापूस ओढला. २०११-१२ च्या हंगामात भारताची कापूस निर्यात उच्चांकावर गेली आणि तिचा सर्वांत मोठा भाग चीनने घेतला. देशातील गिरण्यांना कापूस कमी पडण्याच्या भीतीने भारत सरकारने ५ मार्च २०१२ रोजी निर्यात अचानक थांबवली. शेतकऱ्यांच्या विरोधानंतर काही दिवसांतच बंदी सैल करावी लागली.

२०१४ मध्ये चीनने साठाखरेदी थांबवली आणि आयातकोटा जागतिक व्यापार संघटनेला मान्य केलेल्या ८ लाख ९४ हजार टनांच्या किमान पातळीवर आणून ठेवला. भारतात त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,०५० रुपये होता. बाजार त्या पातळीखाली घसरल्याने भारतीय कापूस महामंडळाला मोठी खरेदी करावी लागली.

बियाण्यातही चीनचा धागा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात स्थापन केलेल्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. चीनने बीटी कापूस १९९७ मध्येच शेतात आणला होता. २००६ मध्ये शेजारच्या औरंगाबादच्या नाथ सीड्सने चिनी जनुकावर आधारित बीटी कापसाचे वाण आणले. मान्यता मिळालेले चिनी कृषी-जैवतंत्रज्ञान मराठवाड्यात पोहोचण्याचे ते ठळक उदाहरण आहे.

इंटरनेट : चीन १९९४ मध्ये इंटरनेटशी पूर्णपणे जोडला गेला, पण परदेशी सेवांवर चाळण लावून त्याने अलिबाबा, टेन्सेंट, बायदू अशा देशी कंपन्यांना घरची बाजारपेठ राखून दिली. गुगलने २०१० मध्ये तिथली शोधसेवा हाँगकाँगला हलवली, २०१७ मध्ये व्हॉट्सॲपही रोखले गेले. गलवान चकमकीनंतर २९ जून २०२० रोजी भारताने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकबरोबर वीचॅटही त्यात होते. टिकटॉक गेल्याची चर्चा गावोगाव झाली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने वीचॅट जाणे अधिक गैरसोयीचे होते. एकीकडे व्हॉट्सॲप बंद, दुसरीकडे वीचॅट बंद, त्यामुळे यंत्र, सुटे भाग यांसाठी चिनी पुरवठादाराशी बोलण्याची सोपी वाट दोन्ही बाजूंनी अडली. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने चिनी कंपन्यांशी झालेले सुमारे ५,००० कोटी रुपयांचे तीन करार स्थगित केले; त्यातील सर्वांत मोठा तळेगावच्या मोटार प्रकल्पाचा होता.

वाहतूक : भंगार येण्यासाठी व माल जाण्यासाठी न्हावाशेवा बंदर महत्त्वाचे. त्या बंदराच्या जालना येथील ड्रायपोर्टची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ रोजी झाली. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १७४ किमी लांबीच्या जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. बंदराचे अंतर तुटले की भंगार स्वस्त पडते. बाहेरच्या मालाची वाटही तितकीच सोपी होते.

एकत्रित परिणाम : चीनच्या धोरणाने जिल्ह्याचे भले झाले की बुरे, याचे एक उत्तर निघत नाही. २०११ या एकाच वर्षात फेब्रुवारीतील दिल्लीच्या निर्णयाने चिनी रेशमाला दार उघडून कोषाच्या भावावर दडपण आणले, तर सप्टेंबरमधील बीजिंगच्या निर्णयाने कापसाला गिऱ्हाईक मिळवून दिले. बांधावर एका बाजूला तुती आणि दुसऱ्या बाजूला कपाशी असलेल्या शेतकऱ्यासाठी चीन एका वावरात प्रतिस्पर्धी होता आणि दुसऱ्यात खरेदीदार.