शुश्रूषा-पुनर्वसन केंद्रातील सेवेची गुणवत्ता

आरंभी तीन संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. रहिवाशाला स्वतः करता न येणारी कामे त्याच्यासाठी करणे आणि त्याच्या प्रकृतीवर अखंड लक्ष ठेवणे, ही शुश्रूषा. गेलेली क्षमता परत मिळवून देणे किंवा उरलेली टिकवणे, हे पुनर्वसन. रहिवाशाला जी सर्वोच्च अवस्था साध्य होण्याजोगी आहे तिच्या तो किती जवळ पोहोचतो, हे गुणवत्तेचे प्रमाण. या तिसऱ्या व्याख्येला कायद्याचा आधार आहे. अमेरिकेच्या १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने शारीरिक, मानसिक व मनोसामाजिक स्वास्थ्याविषयी हीच कसोटी घालून दिली. प्रस्तुत विवेचन त्या देशातील व्यवस्थेपुरते आहे.

या व्याख्येनुसार प्रमाण व्यक्तिसापेक्ष ठरते. म्हणून रहिवाशांचे प्रकार पाहणे क्रमप्राप्त आहे. ते दोन आहेत. (१) अल्पकालीन : खुब्याचे हाड मोडल्यावर किंवा पक्षाघातानंतर रुग्णालयातून येणारे. किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिलेल्या पात्र रुग्णाला मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची शासकीय आरोग्यविमा योजना एका लाभकालात कमाल १०० दिवसांपर्यंत साहाय्य देते; विसाव्या दिवसानंतर रोजच्या खर्चाचा काही भाग रुग्णावर पडतो. (२) दीर्घकालीन : स्मृतिभ्रंश किंवा जराजन्य दौर्बल्यामुळे कायम राहणारे. त्यांचा निवासखर्च मेडिकेअर उचलत नाही. तो स्वतःच्या पुंजीतून किंवा अल्प उत्पन्न असल्यास मेडिकेड या शासकीय साहाय्य योजनेतून भागतो. पहिल्या प्रकारात गुणवत्तेची खूण सुधारणा ही असते, तर दुसऱ्यात बहुधा स्थैर्य. वर्षभर अवस्था न ढासळणे हेही तेथे उत्तम सेवेचे फल असू शकते.

खूण कोठे शोधावी, याचे उत्तर आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडलेल्या त्रिविध विभागणीत मिळते : रचना, प्रक्रिया व फलित. रचना म्हणजे मनुष्यबळ, साधने, इमारत. ती आवश्यक आहे, पर्याप्त नाही. उपचारकक्ष असला म्हणजे उपचार घडतोच असे नाही. फलित मोजता येते. १९६५ सालापासून प्रचलित असलेला बार्थेल निर्देशांक जेवणे, कपडे घालणे, चालणे अशा दहा क्रियांवरून ० ते १०० गुण देतो. परंतु फलितात रोगाचाही वाटा असतो. म्हणून घसरणीचे टाळता येण्याजोगी व अटळ असे दोन भेद करावे लागतात. हा भेद केवळ फलितावरून कळत नाही. त्यासाठी प्रक्रियाच, म्हणजे सेवा प्रत्यक्ष कशी दिली गेली हे, तपासावी लागते.

शय्याव्रणाचे उदाहरण घेऊ. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या टाचेवर व माकडहाडापाशी सतत दाब पडतो, रक्तप्रवाह खुंटतो आणि त्वचा मरू लागते. पहिल्या अवस्थेत त्वचा अखंड असते. तेथील लाली बोटाने दाबली तरी फिकी पडत नाही. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून उष्णता व कठीणपणा हाताने पाहावा लागतो. ठरावीक अंतराने कूस बदलली, त्वचा रोज पाहिली, ओलावा टिपला, पुरेशी प्रथिने दिली आणि तरीही व्रण झाला, तर तो अटळ म्हणता येईल. यांपैकी काही सुटले असेल, तर तसे म्हणण्याचा आधार राहत नाही.

शय्याव्रण डोळ्यांना दिसतो. याहून सूक्ष्म हानी अदृश्य राहते. पक्षाघातातून सावरणाऱ्या व्यक्तीच्या सदऱ्याची बटणे परिचारिकेने लावली, तर काम मिनिटभरात होते. त्या व्यक्तीनेच एका हाताने बटणे लावावीत म्हणून शेजारी थांबले, तर दहा मिनिटे जातात. पहिली कृती शुश्रूषा आहे, दुसरी पुनर्वसन. मनुष्यबळ अपुरे असेल तेथे पहिली दुसरीची जागा घेते. सर्व रहिवासी वेळेवर आवरून बसलेले दिसतात, तक्रार कोणाचीच नसते. मात्र न वापरलेला हात दिवसेंदिवस दुबळा होत जातो. यावरून सिद्ध होते की तत्परता आणि गुणवत्ता भिन्न आहेत, आणि कित्येकदा परस्परविरोधीही.

मग कुटुंबाने केंद्राची पारख कशी करावी? शासनाची पंचतारांकित श्रेणी २००८ पासून आरोग्यतपासणी, मनुष्यबळ व गुणवत्तेचे निकष या तीन अंगांवर दिली जाते. तिसऱ्या अंगातील बरीच माहिती केंद्रच भरून देते. म्हणून श्रेणी प्राथमिक चाळणी समजावी, निर्णय नव्हे. निर्णयासाठी कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत : प्रवेशाच्या वेळी कोणती क्षमता साध्य मानली गेली? ती साधण्यासाठी रोज कोण, किती वेळ देतो? घसरण झाल्यास योजना कधी बदलली जाते?

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी वेळ आहे. सक्षम करण्यास करून देण्यापेक्षा अधिक वेळ लागतो आणि तो माणसांकडूनच मिळतो. म्हणून मनुष्यबळातील काटकसर ही रहिवाशाच्या क्षमतेतून केलेली कपात ठरते, आणि केंद्राच्या हिशेबात ती तशीच मांडली गेली पाहिजे.