हलत्या सिम्युलेटर-मंचाचा शक्तिस्रोत : भात्यापासून विद्युत मोटारीपर्यंत

प्रस्तावना :

वैमानिकाला जमिनीवरच उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या सिम्युलेटर या यंत्राचा इतिहास बहुधा विमानोड्डाणाच्या इतिहासाची एक शाखा म्हणून लिहिला गेला आहे. त्यात दृश्यपडदा, संगणक व वैमानिकाची खोली यांचे वर्णन विस्ताराने येते. मात्र ती खोली हलविणारी शक्ती कोठून आली, हा प्रश्न दुय्यम ठरतो. वस्तुतः हे यंत्र कोणी बांधावे व कोणाच्या मालकीचे असावे, हे बऱ्याच अंशी या शक्तिस्रोतानेच ठरविले. आज घरच्या घरी हलता मंच बांधणारा हौशी कारागीर 'किती शक्तीची मोटार घ्यावी?' असा प्रश्न विचारतो. या प्रश्नामागील ऐतिहासिक प्रक्रियेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भात्याचे युग :

इ. स. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या शिक्षणासाठी अर्ध्या पिंपांचे एक साधन वापरात होते. त्यात बसलेल्या शिकाऊ वैमानिकाला इतर माणसे हाताने झुकवीत असत. येथे शक्तिस्रोत मानवी स्नायू हाच होता. यांत्रिक शक्तीचा यशस्वी प्रयोग अमेरिकेतील एडविन लिंक याने केला. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. तेथील तळघरात त्याने ऑर्गनचे भाते, झडपा व हवा शोषणारा पंप वापरून १९२९ पर्यंत आपले यंत्र सिद्ध केले. १९३१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. प्रारंभी या यंत्राला ग्राहक मिळाले ते करमणुकीच्या उद्यानांत. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपालवाहतूक सोपविण्यात आली. खराब हवामानात केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव नसल्याने अल्पावधीत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने सहा यंत्रे विकत घेतली आणि या साधनाचे महत्त्व प्रस्थापित झाले.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. लिंकची खोली एका सार्वत्रिक सांध्यावर तोललेली होती. तिचे वजन सांधा पेलत असे. भात्यांना केवळ तोल ढळविण्याचे काम होते. म्हणूनच वाद्य वाजविण्यासाठी बनविलेला कमकुवत भाता माणसाला झुकविण्यास पुरेसा ठरला.

तेलदाबाचे युग :

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर विमाने मोठी झाली, तसतसे केवळ झुकणे अपुरे वाटू लागले. वर-खाली, पुढे-मागे व डावी-उजवीकडे सरकणे आणि तीन अक्षांभोवती वळणे अशा सहा स्वतंत्र हालचाली हव्या होत्या. डनलॉप कंपनीतील एरिक गॉफ यांनी १९५० च्या दशकात टायरच्या चाचणीसाठी सहा पायांचा मंच उभारला होता. १९६५ मध्ये डी. स्ट्यूअर्ट यांनी सहा हालचालींच्या मंचाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला, तर फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधील क्लाउस कॅपेल यांना १९६७ मध्ये सहा पायांच्या रचनेचे पेटंट मिळाले.

या रचनेत तोलणारा सांधा उरला नाही. सर्व वजन लांब-आखूड होणाऱ्या सहा पायांवर आले. हा भार चपळाईने पेलण्यास त्या काळी हायड्रॉलिक सिलिंडर हाच व्यवहार्य उपाय होता. परंतु त्याबरोबर पंपगृह, उच्च दाबाच्या नळ्या, तेलाची गळती व कायमची देखभाल आली. परिणामी तळघरात जन्मलेले यंत्र विमान कंपन्या, लष्कर व मोठ्या संशोधनसंस्था यांच्या भिंतीआड गेले.

विद्युत मोटारीचे पुनरागमन :

विद्युत मोटार या इतिहासात नवी नव्हती. लिंकचा पंपही मोटारीवरच चालत असे. पण मंचाला थेट हलविण्याइतकी हलकी, जोरकस व अचूक मोटार उपलब्ध होण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. त्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा व अमेरिकेत जॉन क्रोट यांनी निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक स्वतंत्रपणे विकसित केले. त्याच सुमारास मोठा विद्युतप्रवाह नियंत्रित करणारी अर्धवाहक साधने सुधारली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्ण आकाराच्या सिम्युलेटरांतही विद्युत प्रणाली रुजली. याच काळात, २००५ मध्ये, इटलीतील इव्हरेआ येथे आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक जन्मला. घरगुती संगणकावरील उड्डाणाचे व मोटारशर्यतीचे खेळ आधीच उपलब्ध होते. या सर्वांच्या संयोगातून घरगुती मंच शक्य झाला. गाडीच्या काचेवरील वायपरची किंवा विद्युत चाकखुर्चीची मोटार हौशी कारागिरांनी वापरात आणली.

शक्तीच्या निवडीचा प्रश्न :

उदाहरणादाखल माणूस, आसन व सांगाडा मिळून १५० किलो वस्तुमान मानू. ते सेकंदाला ०.३ मीटर वेगाने उचलण्यास सुमारे ४४० वॅट शक्ती लागते. वर्म गिअरची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास मोटारीकडून सुमारे ८८० वॅट घ्यावे लागतात. ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉल स्क्रूने हीच गरज सुमारे ४९० वॅटवर येते. याउलट तेच वस्तुमान गुरुत्वमध्याशी तोलले व त्याचे जडत्व-आघूर्ण २० किलोग्रॅम-चौरस मीटर मानले, तर झुकविण्याचा कोनीय त्वरण २ रेडियन प्रति वर्ग सेकंद ठेवण्यास ४० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ०.५ रेडियन प्रति सेकंद वेगाला ही शक्ती, घर्षण वगळता, केवळ २० वॅट होते. म्हणजे 'शक्तिशाली मोटार' ही गरज मोटारीपेक्षा मंचाच्या रचनेतून उद्भवते. लिंकच्या भात्याने हेच सिद्ध केले होते.

शिवाय शरीराला गतीचा आभास देण्यासाठी दीर्घ हालचाल आवश्यक नसते. प्रारंभीचा धक्का नेमका द्यावा व नंतर मंच नकळत मूळ स्थितीकडे आणावा, हे तंत्र मोठ्या सिम्युलेटरांतही रूढ आहे. त्यामुळे सततच्या शक्तीइतकेच क्षणिक टॉर्कला महत्त्व येते. मात्र जी मोटार माणसाला झटकन उचलते, ती त्याला चिरडूही शकते. वीज गेल्यावर वर्म गिअर बहुधा जागीच अडकून राहतो. बॉल स्क्रू मात्र भाराखाली उलट फिरतो व त्याला ब्रेक लागतो. संस्थांमध्ये ही जबाबदारी नियम व तपासणी यांवर असते. घरात ती सर्वस्वी कारागिरावर येते. हालचालीची मर्यादा राखणारे स्विच व हाताशी असलेले आपत्कालीन बटण यांचा खर्च म्हणूनच मोटारीच्या किमतीतच धरावयास हवा.

निष्कर्ष :

भाता, तेलदाब व विद्युत मोटार हे तीन टप्पे केवळ तांत्रिक प्रगतीचे नाहीत. ते यंत्राच्या मालकीतील बदलाचेही टप्पे आहेत. एका कारागिराच्या तळघरातून संस्थेकडे गेलेले हे यंत्र सुमारे सत्तर-ऐंशी वर्षांनी पुन्हा कारागिराच्या घरी आले. परतताना त्याने प्रचंड शक्ती सोबत आणली. तोल साधण्याचे जुने शहाणपण मात्र प्रत्येक कारागिराला नव्याने आत्मसात करावे लागते. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अध्यापन करताना यंत्राच्या बाह्य रूपाबरोबर त्याच्या शक्तिस्रोताचाही विचार व्हावा, असे या विवेचनावरून म्हणता येते.