हौशी चित्रपटकाराचा कॅमेरा : मिनिटांचा हिशोब

हौशी चित्रीकरणाचा कॅमेरा खऱ्या अर्थाने रुळला तो 1920 च्या दशकात. त्याआधीच्या 35 मिमी फिल्मचा खर्च घरगुती खिशाला झेपणारा नव्हता, शिवाय तिचा नायट्रेटचा पाया चटकन पेट घेई. फ्रान्सच्या पाथे कंपनीने 9.5 मिमीची आणि अमेरिकेच्या कोडॅकने 1923 मध्ये 16 मिमीची फिल्म आणली. दोन्ही सहजी न पेटणाऱ्या होत्या. कोडॅकने आणखी एक सोय केली. कॅमेऱ्यातून गेलेली फिल्मच धुलाईनंतर पडद्यावर दाखवता येई, त्यामुळे निगेटिव्हवरून वेगळी प्रत काढण्याचा खर्च वाचला. तरी कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई आणि पडदा असा संच 335 डॉलरचा होता आणि 100 फुटी रिळात जेमतेम चार मिनिटे मावत. छंद श्रीमंतांचाच राहिला.

मंदीच्या ऐन काळात, 1932 मध्ये, कोडॅकने 8 मिमीचा तोडगा काढला. 16 मिमी रुंदीची 25 फुटी फिल्म आधी एका बाजूने, मग रीळ उलटून दुसऱ्या बाजूने वापरायची आणि धुलाईनंतर उभी चिरून जोडायची. एक चतुर्थांश फिल्ममध्ये तीच चार मिनिटे मिळू लागली. वाढदिवस आणि सहली टिपणारे 8 मिमीकडे वळले. ज्यांना सभागृहात चित्रपट दाखवायचा होता ते मात्र 16 मिमीलाच धरून राहिले, कारण मोठ्या पडद्यावर 8 मिमीचे चित्र विरून जाई. माया डेरेन आणि अलेक्झांडर हामिद यांनी 1943 मध्ये ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ 16 मिमीवरच केला. पुढे 1965 च्या सुपर 8 ने फिल्म भरण्याची कटकट संपवली. कार्ट्रिज खोचले की काम झाले. पण तेही सव्वातीन मिनिटांत संपे.

व्हिडिओने हा हिशोबच उलटा केला. सोनीचा पोर्टापॅक 1967 मध्ये आला, त्याचा रेकॉर्डर खांद्याला अडकवावा लागे. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात आले ते 1983 च्या बीटामूव्हीत, आणि त्यावरही चित्रीकरण तेवढे होई, टेप पाहायला घरचा व्हीसीआर लागे. फिल्म कात्रीने कापून डिंकाने जोडता येते, टेपचे संकलन म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात प्रत काढणे. प्रत्येक प्रतीत रंग पसरत आणि कडा पुसट होत. म्हणजे तासभर स्वस्तात टिपता येई, पण कापायला बसले की चित्र बिघडे. निव्वळ आठवणी जपणाऱ्याला हे चालून जाई. चित्रपट करू पाहणाऱ्याच्या मात्र ते मुळावर येई.

मालेगावात हा अडथळा फारसा मनावर घेतला गेला नाही. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला, तोही यंत्रमागांच्या गावातल्या हौशी नटांना घेऊन. तिथे सायकलची ट्रॉली झाली, बैलगाडीची क्रेन झाली. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही धडपड जगभर पोचली.

प्रतीची अडचण सुटली ती 1995 च्या डीव्ही टेपने. चित्र आकड्यांत साठवले जाई आणि केबलने संगणकात जसेच्या तसे उतरे. थॉमस विंटरबर्गचा ‘फेस्टन’ 1998 मध्ये सोनीच्या अगदी घरगुती हँडिकॅमवर चित्रित होऊन कान महोत्सवात पोचला. पुढे पॅनासॉनिकच्या 2002 च्या डीव्हीएक्स100 ने सेकंदाला 24 चौकटी दिल्या, तेव्हा व्हिडिओची गुळगुळीत, बातम्यांसारखी हालचाल टाळता येऊ लागली. हौशी मंडळींना हव्याशा वाटणाऱ्या ‘सिनेमासारख्या’ दिसण्याचा मोठा वाटा या 24 आकड्यात होता. उरलेला, म्हणजे मागची धूसर पार्श्वभूमी, कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू या फोटोच्या कॅमेऱ्याने 2008 मध्ये मोठ्या सेन्सरच्या जोरावर दिला. त्याच्यात 24 चौकटींची सोय आली ती 2010 च्या सॉफ्टवेअर सुधारणेनंतर.

मेमरी कार्ड पुसून पुन्हा वापरता येत असल्याने मिनिटाची किंमत आता जवळजवळ शून्यावर आली आहे. निवडीचा भार सरकला आहे तो लेन्स, प्रकाश आणि मुख्यतः आवाजावर. कॅमेऱ्यातच बसवलेला मायक्रोफोन अजूनही दूरचा संवाद नीट पकडत नाही.