लॉर्ड रे आणि मामलेदारांना दिलेले अभयवचन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीरामपूर हे गाव नव्हते. १८७८ साली सुरू झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गावरील ‘बेलापूर रोड’ या स्थानकाभोवती ही वसाहत पुढे वाढली. प्रवरा-गोदावरीच्या या टापूतील शेतकऱ्यास सरकारचे प्रत्यक्ष दर्शन घडे ते मामलेदाराच्या रूपाने. सारा वसूल करणे, फौजदारी खटले चालविणे आणि १८७६ च्या कायद्यान्वये कब्जाचे वाद निवडणे ही सर्व कामे त्याच्याच हाती होती. मामलेदारावर नगरचा कलेक्टर, त्यावर पुण्याचा मध्य विभागाचा कमिशनर व सर्वांवर मुंबईचा गव्हर्नर, अशी ही उतरंड होती. तिच्या मधल्या पायरीवरच भ्रष्टाचाराचा आरोप आला, तेव्हा शिखरावर लॉर्ड रे होते.

डोनाल्ड जेम्स मॅके यांचा जन्म १८३९ साली हेग येथे झाला. त्यांचे घराणे स्कॉटिश असले तरी पिढ्यानपिढ्या डच सेवेत होते. ते स्वतः डच संसदेचे सभासदही होते. १८७६ मध्ये ‘रे’ ही सरदारकी वारशाने मिळाल्यावर त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले आणि ते लिबरल पक्षाच्या राजकारणात शिरले. ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळाने त्यांना मुंबईस पाठविले. मार्च १८८५ मध्ये त्यांनी अधिकारसूत्रे हाती घेतली. औद्योगिक शिक्षणाविषयी त्यांना विशेष आस्था होती. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था (१८८७) त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली.

तथापि या कारकिर्दीची खरी कसोटी लागली ती क्रॉफर्ड प्रकरणात. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. पुढे ते मध्य विभागाचे कमिशनर झाले. नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठी ते हस्तकांमार्फत मामलेदारांकडून पैसे घेतात, असा आरोप होता. देणाऱ्याने तोंड उघडल्याखेरीज हा आरोप सिद्ध होणे अशक्य होते, आणि तोंड उघडणारा स्वतःच गुन्हेगार ठरत होता. म्हणून १८८८ मध्ये खरी साक्ष देणाऱ्यांना रे यांच्या सरकारने अभय दिले.

चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपातून क्रॉफर्ड यांची मुक्तता केली. आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष मात्र त्यांच्यावर ठेवला. रे यांच्या सरकारला हा निष्कर्ष पटला नाही. कर्जांच्या दोषावरून अखेर क्रॉफर्ड यांना नोकरीतून दूर करण्यात आले. मात्र याहून बिकट प्रश्न साक्षीदारांचा होता. ज्याने पैसे देऊन पद मिळविले त्याने न्यायासनावर बसावे काय, असा सवाल लंडनमध्ये उपस्थित झाला. भारतमंत्री लॉर्ड क्रॉस हे काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे होते. सर्वच मामलेदारांना पदांवर ठेवण्यास त्यांनी मान्यता दिली नाही. १८८९ मध्ये कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देण्यात आले. पण दबावाखाली पैसे देणारे आणि स्वार्थासाठी आपण होऊन देणारे असा भेद करून दुसऱ्या वर्गातील मामलेदारांना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रसंगी टिळकांनी मामलेदारांची बाजू हिरिरीने मांडली. परकीय सरकारचा कठोर टीकाकार त्याच सरकारच्या वचनपूर्तीचा आग्रह धरीत होता, ही घटना लक्षणीय आहे. वचनभंगामुळे पुढे कोणीही वरिष्ठाविरुद्ध साक्ष देण्यास धजणार नाही, या युक्तिवादात तथ्य होते. परंतु क्रॉस यांचा आक्षेपही केवळ पक्षीय म्हणून झटकून टाकता येत नाही. विकत घेतलेल्या पदाचा भार अखेर कोणावर पडतो, हा प्रश्न त्या आक्षेपाच्या मुळाशी होता. मात्र ज्या रयतेचा हा प्रश्न, ती या वादात पक्षकार नव्हती. वाद चालला तो मुंबई, कलकत्ता आणि लंडन यांच्यामध्ये.

१८९० मध्ये रे स्वदेशी परतले. पुढे ते भारतखात्याचे उपमंत्री (१८९४–९५) आणि ब्रिटिश अकादमीचे पहिले अध्यक्ष (१९०२) झाले; १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हेतूंची शुद्धता बहुधा कोणी नाकारणार नाही. परंतु क्रॉफर्ड प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. व्हिक्टोरियन साम्राज्यात गव्हर्नराला वचन देण्याचा अधिकार होता, ते पाळण्याची सत्ता मात्र सर्वस्वी त्याच्या हाती नव्हती. आणि या अंतराची किंमत मोजावी लागली ती त्या वचनावर विसंबलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना.