नस्तालीक, कागद आणि मोबाईल

वडीलधाऱ्यांना कागद सोपा आणि पोरांना मोबाईल, असं आपण सहज म्हणून टाकतो. उर्दूच्या बाबतीत मला हे अर्धंच खरं वाटतं.

उर्दू ज्या नस्तालीक वळणात वाचली जाते, त्यात शब्द वरून खाली तिरका उतरतो आणि शेजारचं अक्षर बदललं की आधीच्याचं रूपही बदलतं. शिशाच्या खिळ्यांना हे झेपलं नाही. नस्ख वळणाचे खिळे निघाले, पण वाचकाचा डोळा त्यात रमेना. म्हणून उर्दू शिळाछापावर राहिली. कातिबाने खास शाईने कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि प्रती काढायच्या. मराठीतही शिळाछाप होता. बाळबोध खिळ्यांत बसली आणि तो मागे पडला. (मोडी बसली नाही. आज किती घरांत पणजोबांचे मोडी कागद वाचता येतात?) चेन्नईचं 'मुसलमान' हे १९२७ पासूनचं दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिलं जात होतं.

मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकार हाताने लिहिले, त्यांतून 'नूरी नस्तालीक' घडलं आणि १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग'ने ते वापरलं. १९९४ मध्ये 'इनपेज' आलं. छपाईचा प्रश्न सुटला, स्क्रीनचा नाही. उर्दू वर्तमानपत्रं इंटरनेटवर मजकुराऐवजी पानाचं चित्र टाकत. आयफोनला नस्तालीक मिळालं ते थेट २०१७ मध्ये.

तोवर एक पिढी इंग्रजी अक्षरांत उर्दू लिहायला शिकली होती. माझ्या वर्गात तिचे परिणाम रोज दिसतात. 'से', 'सीन' आणि 'साद' या तिन्हींसाठी रोमनमध्ये एकच अक्षर. इम्ला घातला की हुशार मुलंही अडखळतात. बोलताना तीच मुलं अस्खलित!

उलट, ज्यांना आपण मोबाईलला घाबरणारे समजतो, त्या साठीपुढच्या वाचकांचं पहा. स्वस्त छपाईत नुक्ते एकमेकांत मिसळतात; 'बे'चा एक की 'पे'चे तीन, हे चष्म्यातूनही कळत नाही. स्क्रीनवर जुन्या पुस्तकाचं पान दोन बोटांनी मोठं केलं की कातिबाचा प्रत्येक नुक्ता सुटा दिसतो. टाईप करणं त्यांना जड जातं, वाचणं नाही. मुलांचं नेमकं उलटं.

मी नववीच्या वर्गाला उर्दू कीबोर्ड सुरू करायला लावते. पहिला आठवडा कुरकूर असते, मग 'साद' शोधायला बोट आपोआप वळतं. हा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत तो असतोच.