सह्याद्रि हा ज्वालामुखी पर्वत काय ?

शिवनेरी, राजगड, रायगड हे दुर्ग ज्या पाषाणावर उभे आहेत आणि कार्ले, अजिंठा व वेरूळ येथील लेणीं ज्या पाषाणांत कोरलेलीं आहेत, तो एकाच कुळांतील होय. आपण इतिहाससंशोधक शिलालेखाचें अक्षर न् अक्षर तपासतों. परंतु लेखाखालच्या शिळेची चौकशी क्वचितच करतों. परिणामीं एक समज सुशिक्षितांतही दृढ होऊन बसला आहे. तो असा कीं, सह्याद्रीचीं शिखरें हीं विझलेल्या ज्वालामुखींचीं मुखें होत व त्यांतून वाहिलेल्या शिलारसानें दख्खनची भूमि बनली. हा समज प्रमाणास उतरत नाहीं. घटनांचा खरा क्रम याच्या उलट आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

पहिलें प्रमाण खुद्द कड्यांत आहे. ज्वालामुखीच्या शंकूंतील थर मुखापासून चोहोंकडे उतरते असतात. सह्याद्रींतील थर मात्र बहुतेक ठिकाणीं जवळजवळ आडवे आहेत. एका खोर्‍याच्या दोहों बाजूंस समान उंचीवर तेच थर जुळतात. म्हणजे मधला भाग पाण्यानें कोरून नेला, आणि उरला तो डोंगर. या पाषाणास ‘ट्रॅप’ हें नांव पडलें तेंही स्वीडिश भाषेंतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखरही असेंच उरलेल्या थरांचें आहे. तें मुख नव्हे. दख्खनचें भूवर्णन प्रथम पद्धतशीरपणें लिहिणार्‍या कर्नल साइक्सच्याही नजरेंत हे आडवे थर भरले होते.

मग रस आला कोठून ? याचें उत्तर धुळें-नंदुरबारच्या मुलुखांत मिळतें. तेथें काळ्या पाषाणाच्या अरुंद भिंती कित्येक मैल सरळ गेलेल्या दिसतात. जमिनीस पडलेल्या लांब भेगांत रस थिजून या भिंती झाल्या. कोकणपट्टींतही अशा भिंती आहेत. दख्खनचा बहुतेक रस असल्या भेगांतून वर येऊन दूरवर पसरला, असें आज मानितात. कांहीं भिंती थर छेदून जातात. त्या थरांहून नव्या, हें उघडच आहे. मुंबईच्या परिसरांत उद्रेकाचीं स्थानिक केंद्रें होतीं, हा अपवाद सांगितला पाहिजे. परंतु त्यावरून सर्व सह्याद्रीचा न्याय ठरवितां येत नाहीं.

काळनिर्णयाचा वाद बराच चालला. थरांच्या मध्यें कोठें कोठें गोड्या पाण्याच्या तळ्यांचा गाळ सांपडतो. नागपुराजवळ टाकळी येथें हिस्लॉप व हंटर या मिशनर्‍यांनीं अशा गाळांतील शिंपले व वनस्पतींचे अवशेष जमविले व १८५५ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध झालें. यावरून एवढें ठरलें कीं, उद्रेक सलग नव्हता. एक थर निवे, त्यावर तळीं सांचत, झाडें वाढत, आणि मग दुसरा थर येई. कोणी हे थर क्रिटेशस युगांतील मानिले. तर बिरबल सहानी यांनीं १९३४ सालीं वनस्पतींच्या पुराव्यावरून ते त्यापुढील ईओसीन काळांतील ठरविले. पुढें किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मोजणीनें निकाल लागला. मुख्य उद्रेक सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, क्रिटेशसच्या अखेरीच्या सांध्यावरच झाला, आणि बहुतेक रस सुमारें दहा लक्ष वर्षांच्या आंत बाहेर पडला.

त्या वेळीं भारतभूमि कोठें होती, याची साक्षही याच पाषाणांत आहे. रस थिजतांना त्यांतील लोहकण पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजणीवरून ही भूमि तेव्हां विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असें निघालें. १९७१ सालीं मॉर्गन यांनीं मत मांडिलें कीं, पृथ्वीच्या पोटांतून वर येणारे तप्त प्रवाह एका जागीं टिकून राहतात व भूखंड त्यांवरून सरकतात. या मतानें पाहतां लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही रांग त्या प्रवासाची वाट ठरते. तिच्या टोंकास रीयूनियन बेटावर ज्वालामुखी आजही जागृत आहे. समुद्रतळाच्या विंधणींत या रांगेचें वय दक्षिणेकडे उतरत जातें, हें या मताचें मोठें बळ. तथापि भूकवचाच्या ताणास व नर्मदा-तापीच्या जुन्या दुर्बल रेषांस अधिक महत्त्व देणारा पक्षही आहे.

आतां किनार्‍याचा प्रश्न. पनवेलच्या बाजूस हेच थर पश्चिमेस समुद्राकडे वांकलेले आहेत. थिजलेला थरच असा वांकूं शकतो. म्हणून थर आधीं, वांक नंतर. मुंबईच्या पश्चिमेस तेलासाठीं घेतलेल्या विंधणींतही गाळाखालीं हाच पाषाण लागतो. भारत व सेशल्स यांच्यामधील समुद्रतळ सुमारें ६ कोटि ३० लक्ष वर्षांपूर्वीं बनूं लागला. सारांश, आधीं शिलारस, मग भूमीची फाळणी, मग किनारा, आणि त्या तुटल्या कडेची झीज होऊन शेवटीं सह्याद्रि. परशुरामानें समुद्र हटवून कोकण मिळविल्याची कथा सह्याद्रिखंडांत आहे. पाषाणाची साक्ष अशी कीं, जुन्या दख्खनच्या भूमीचा मोठा भाग समुद्रानेंच घेतला.

हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. कोयनेजवळील विंधणींत ९३२ मीटर काळ्या पाषाणाखालीं ग्रॅनाइट-नाइस हा प्राचीन खडक लागला; पूर्वेस किल्लारी येथें ३३८ मीटरांवरच काळा पाषाण संपला. १९६७ सालीं कोयनेचा व १९९३ सालीं किल्लारीचा भूकंप झाला, तो या आच्छादनाखालच्या जुन्या भूमींतून. वरच्या थरांची स्थिरता पाहून दख्खन अचल मानणें, म्हणजे पुस्तकाचें वेष्टन पाहून आंतील मजकूर ठरविण्यासारखें आहे. कागदपत्रांत आधीं काय व नंतर काय हें जसें आपण पाहतों, तसेंच या पाषाणांतही पाहिलें पाहिजे.