ऑनलाइन गीतस्पर्धेचे परीक्षण : गुण, क्रम आणि कान

स्पर्धकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेली गाणी संगणकाद्वारे किंवा भ्रमणध्वनीवरून मागवून, ती ऐकून त्यांचा क्रम लावणे, याला ऑनलाइन गीतस्पर्धेचे परीक्षण म्हणता येईल. करोना साथीच्या काळात सभागृहे बंद झाली, तेव्हा नाट्यगीत, भावगीत, अभंग आणि स्वरचित गीतांच्या अशा स्पर्धा गावोगावच्या मंडळांनी घेतल्या. पुढे सभागृहे उघडली तरी ही पद्धत टिकली, कारण फोंड्यातील गायिकेला बेळगावच्या किंवा इंदूरच्या मंडळाच्या स्पर्धेत घरबसल्या भाग घेता येऊ लागला. यांतील बहुतेक स्पर्धा स्नेहभावाच्या असतात. बक्षीस नाममात्र असते आणि अनेकदा परीक्षक व स्पर्धक एकमेकांच्या ओळखीचे असतात. त्यामुळे परीक्षण सोपे होत नाही, उलट त्यासाठी अधिक नियम लागतात. मोठ्या स्पर्धेतील पराभव स्पर्धक कालांतराने विसरतो, आपल्या माणसांकडून झालेला अन्याय मात्र त्याच्या मनात राहतो.

पूर्वपीठिका

गायनाला गुण देण्याचा प्रश्न जुना आहे. आकाशवाणीने कलाकारांच्या स्वरचाचणीची पद्धत घातली आणि ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ व ‘टॉप’ अशा श्रेणी रूढ केल्या. गोव्यात कला अकादमीच्या भजनी स्पर्धेने पुरुष, महिला व बालकलाकार अशा गटांतून गावोगावची पथके एका निकषावर ऐकण्याची परंपरा निर्माण केली. भजनी स्पर्धेच्या परीक्षकाला मुख्य गायकाबरोबरच पखवाज, हार्मोनियम, टाळांचा मेळ आणि कोरसची उचल यांकडेही लक्ष द्यावे लागते. एका गाण्यात अनेक गोष्टी स्वतंत्रपणे तोलण्याची ही सवय ऑनलाइन परीक्षणालाही उपयोगी पडते.

जागतिक पातळीवर गाण्यांच्या गुणांकनाचे सर्वांत दीर्घ उदाहरण म्हणजे युरोव्हिजन गीतस्पर्धा. ती १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू झाली. त्या वर्षी सात देशांनी प्रत्येकी दोन गाणी सादर केली. मतदान गुप्त होते आणि निकालात केवळ विजेत्याचे नाव सांगण्यात आले. १९६९ मध्ये माद्रिदला स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स व फ्रान्स या चारही देशांना प्रत्येकी १८ गुण मिळाले. बरोबरी सोडवण्याचा नियमच नसल्याने चौघांनाही विजेते घोषित करावे लागले. १९७५ पासून प्रत्येक देशाने आपल्या आवडीच्या दहा गाण्यांना १२, १०, ८, ७ आणि पुढे १ पर्यंत गुण द्यावेत, ही आजही ओळखीची पद्धत आली. १९९१ मध्ये स्वीडन व फ्रान्स यांचे गुण पुन्हा समान, म्हणजे १४६ झाले. त्या वेळी नियम तयार होता. बारा गुण मिळण्याची संख्याही दोघांची सारखीच असल्याने दहा गुण कोणाला अधिक वेळा मिळाले ते पाहिले गेले आणि स्वीडन विजयी ठरला. बरोबरीचा नियम निकालापूर्वी ठरलेला असावा, हा या दोन प्रसंगांचा धडा आहे.

निकष

गायनप्रधान स्पर्धेत सामान्यतः सूर, ताल व लय, शब्दोच्चार, भाव आणि गीताची निवड हे निकष असतात. स्वरचित गीतांच्या स्पर्धेत चाल, शब्द व संगीतसंयोजन यांची भर पडते. निकष पाचांपेक्षा फार अधिक नसावेत. दहा रकाने भरताना परीक्षक गाणे ऐकण्याऐवजी आकडे जुळवू लागतो.

गीताच्या निवडीत पट्टीची निवडही येते. तयार ध्वनिफितीवर गाणाऱ्या स्पर्धकाला मूळ गायकाच्या पट्टीत गावे लागते. वरच्या सप्तकात आवाज ताणला गेला, तर तो सुराचा दोष की निवडीचा, हे परीक्षकाने ठरवून एकाच ठिकाणी गुण कमी करावेत. एका चुकीची शिक्षा सूर, भाव आणि निवड अशा तिन्ही रकान्यांत होणे ही परीक्षणातील नेहमीची चूक आहे. नाट्यगीतात ताना किती घेतल्या, यापेक्षा पदातील अर्थाला त्या पोषक ठरल्या का, हे पाहिले जाते. अभंगात शब्द स्पष्ट ऐकू येणे हा भावाचाच भाग मानला जातो.

गुणांची बेरीज की क्रमांक

सर्व परीक्षकांच्या गुणांची बेरीज करणे ही प्रचलित पद्धत आहे. दिसायला ती निर्दोष वाटते, पण परीक्षकांच्या हातचे माप सारखे नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन गाण्यांना पहिल्या परीक्षकाने अनुक्रमे ७८, ७६ व ७५ गुण दिले, तर दुसऱ्याने ८०, ७९ व ७७. तिसऱ्याने मात्र ६०, ७० व ९० असे सढळ आणि कठोर दोन्ही गुण दिले. बेरीज होते २१८, २२५ आणि २४२. म्हणजे तीनपैकी दोन परीक्षकांनी ज्याला शेवटचे मानले, ते तिसरे गाणे पहिले येते आणि त्या दोघांनी पहिले मानलेले गाणे शेवटी जाते. हेच गुण क्रमांकांत रूपांतरित केले, तर क्रमांकांची बेरीज ५, ६ व ७ येते आणि निकाल पूर्णपणे उलटतो.

यात कोणीही लबाडी केलेली नाही. तिसरा परीक्षक केवळ मोठ्या पल्ल्यात गुण देणारा आहे. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये बोर्दा व काँदोर्से या विद्वानांनी मतगणनेच्या अशाच पेचांचा अभ्यास केला होता. युरोव्हिजनची पद्धतही मूलतः क्रमांकांवरच आधारलेली आहे. क्रमांकपद्धतीत प्रत्येक परीक्षकाच्या मताचे वजन समान राहते. तिची उणीव अशी की, पहिल्या व दुसऱ्या गाण्यातील अंतर अगदी थोडे होते की फार मोठे, हे त्यातून कळत नाही. सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढणे हा मधला मार्ग आहे. परंतु त्यासाठी किमान पाच परीक्षक हवेत. तिघांत तसे केल्यास एकाच परीक्षकाचा आकडा उरतो.

स्पर्धकच एकमेकांचे परीक्षक असतील, तर आणखी एक सूक्ष्म दोष संभवतो. स्वतःच्या गाण्याला गुण देता येत नाहीत, हा नियम सर्वत्र असतो. मात्र गुणांची बेरीज होत असेल, तर कठोर गुण देणाऱ्या स्पर्धकाच्या कठोरपणाची झळ इतर सर्वांना लागते आणि तो स्वतः तेवढा सुटतो. प्रत्येकाने ठरावीक गुणांचाच संच वाटावा, असे बंधन घातले की हा दोष बऱ्याच अंशी दूर होतो. ठरलेल्या मुदतीत गुण न देणाऱ्या स्पर्धकाचे गाणे बाद करण्याचा नियमही त्यामुळेच आवश्यक ठरतो.

कानाची फसगत

अनुभवी कानही परिस्थितीने फसतो. ब्रुसेल्स येथील क्वीन एलिझाबेथ संगीतस्पर्धेच्या निकालांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही अखेरच्या दिवसांत वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसला. ऑनलाइन स्पर्धेत यावर साधा उपाय आहे : प्रत्येक परीक्षकाला गाणी वेगवेगळ्या क्रमाने पाठवावीत. पहिली तीन गाणी शेवटी पुन्हा ऐकण्याची सवयही उपयुक्त ठरते.

डोळ्यांचा प्रभाव याहून मोठा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संगीतस्पर्धांतील विजेता ओळखण्यास सांगितले असता, आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा मूक चित्रफीत पाहणाऱ्यांचे अंदाज अधिक बरोबर आले. व्यावसायिक संगीतकारांचाही त्याला अपवाद नव्हता. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी १९७० च्या दशकापासून निवडचाचणीत पडदा लावण्यास सुरुवात केली, ती अशाच प्रभावापासून दूर राहण्यासाठी. ऑनलाइन स्पर्धेत हा पडदा फुकट मिळतो. चित्रफितीऐवजी केवळ ध्वनिफीत मागवावी आणि नावाऐवजी क्रमांक द्यावा. लहान समाजात आवाजावरूनही माणूस ओळखला जातो, हे खरे. तशा वेळी परीक्षकाने नाते सांगून त्या गाण्यापुरते बाजूला होणे उचित ठरते.

यंत्रांचे प्रश्न

घरगुती ध्वनिमुद्रणांत आवाजाची पातळी वेगवेगळी असते आणि किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. म्हणून परीक्षणापूर्वी संयोजकांनी सर्व ध्वनिफिती एकाच पातळीवर आणाव्यात. परीक्षकाने सर्व गाणी एकाच हेडफोनवर ऐकावीत.

बैठकीसाठी बनवलेल्या व्हिडिओ कॉलच्या प्रणाली मानवी संभाषण टिपतात आणि अखंड चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतात. परिणामी तंबोऱ्याचा नाद आणि गायकाचा दीर्घ स्वरही मध्येच विरतो. थेट प्रक्षेपणात साथीदार वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर आवाज पोहोचण्यातील विलंबामुळे सम एकत्र गाठणे जवळजवळ अशक्य होते. दोन्ही दोष यंत्राचे असून त्यांचे खापर गायकावर फोडू नये. थेट गायनापेक्षा ध्वनिमुद्रित प्रवेशिका मागवणे म्हणूनच अधिक न्याय्य आहे.

ध्वनिमुद्रणात मात्र सूर दुरुस्त करणाऱ्या प्रणालींचा प्रश्न येतो. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आले आणि आज तशी सोय भ्रमणध्वनीवरही आहे. या यंत्रणेच्या कठोर वापरात स्वर थेट ठरावीक पायऱ्यांवर बसतात, त्यामुळे मींड व आंदोलन तुटक भासते. संशय आल्यास गुण कापण्यापेक्षा स्पर्धकाकडून दोन ओळी साथीशिवाय मागवणे सरळ. स्वरचित गीतांच्या स्पर्धेत ही यंत्रणा चालेल की नाही, हे प्रवेशपत्रिकेतच लिहावे.

मतभेद आणि अभिप्राय

परीक्षकांत मतभेद होणे हा दोष नव्हे. १९८० मध्ये वॉर्सा येथील शोपँ पियानो स्पर्धेत इव्हो पोगोरेलिच हा तरुण वादक अंतिम फेरीत पोहोचला नाही, तेव्हा परीक्षक मार्था आर्गेरिच यांनी निषेध म्हणून मंडळाचा राजीनामा दिला. डांग थाय सन यांनी ती स्पर्धा जिंकली आणि पुढे दोन्ही वादकांना जगभर श्रोते लाभले. निकाल त्या दिवसापुरताच असतो, हे त्यातून स्पष्ट होते.

स्नेहभावाच्या स्पर्धेत गुणांपेक्षा लेखी अभिप्राय अधिक काळ टिकतो. ‘सूर कच्चा आहे’ या वाक्याने स्पर्धकाच्या हाती काहीच पडत नाही. ‘अंतऱ्यातील तार षड्ज थोडा उतरला, पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतल्यास बसेल’ असे लिहिले, तर त्याला रियाजाची दिशा मिळते. जे चांगले झाले, तेही नेमके सांगावे, कारण केवळ ‘छान’ म्हटल्याने काय जपावे हे कळत नाही. गुणपत्रके निकालानंतर सर्वांना पाहता यावीत, परीक्षकांची नावे आधी जाहीर असावीत आणि शंका विचारण्यासाठी मुदत ठेवावी. शेवटच्या क्रमांकावर आलेल्या स्पर्धकाने पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशिका पाठवली, तर परीक्षण नीट झाले असे समजण्यास हरकत नाही.